पहिल्या नंबराची वंशावळ

सप्टेंबर २०२० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकाने आजवरच्या पाचशे सर्वश्रेष्ठ अल्बमांची नवी यादी काढली आणि रॉकच्या रसिकांत जुंपली. २००३ साली याच ‘रोलिंग स्टोन’ने बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ला अव्वल ठरवलं होतं. नव्या यादीत तो घसरून चोविसावा झाला आणि पहिल्या जागी मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आला. जोनी मिचेलचा ‘ब्लू’ तिसाव्यावरून तिसरा झाला. जुन्या पठडीतल्यांना हा सगळा काळाची हवा बघून केलेला खेळ वाटला, तर नव्यांना उशिरा का होईना मिळालेला न्याय. दोन्ही पक्ष भांडत होते ते मात्र आकड्यांवरून. एक, तीन, चोवीस. कलाकृतींना असे नंबर द्यायची रीत आली कुठून?

तिचं मूळ शोधत गेलं की आपण पोहोचतो दुकानाच्या गल्ल्यापाशी. ‘बिलबोर्ड’ हे अमेरिकेतल्या करमणूक व्यवसायाचं व्यापारी साप्ताहिक. २७ जुलै १९४० च्या अंकात त्याने दुकानांतून सर्वाधिक खपलेल्या रेकॉर्डांची देशव्यापी क्रमवार यादी छापली. पहिली होती टॉमी डॉर्सीच्या वाद्यवृंदाची ‘आय विल नेव्हर स्माइल अगेन’. ही यादी रसिकांसाठी नव्हतीच. कोणता माल मागवायचा आणि ज्यूकबॉक्समध्ये काय भरायचं, हे धंदेवाल्यांना कळावं म्हणून ती होती. गाणं चांगलं की वाईट, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

लंडनमध्ये हीच युक्ती ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या संगीत साप्ताहिकाच्या पर्सी डिकिन्स यांनी उचलली. त्यांचं तंत्र अगदी साधं होतं. वीसेक रेकॉर्डविक्रेत्यांना फोन लावायचा, सर्वाधिक विकल्या गेलेल्या रेकॉर्डांची नावं क्रमाने उतरवून घ्यायची आणि सगळ्यांची बेरीज मांडायची. १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ब्रिटनची पहिली क्रमवारी छापून आली. जागा बारा होत्या, पण काही रेकॉर्डांची बरोबरी झाल्यामुळे नावं पंधरा निघाली. शिखरावर होता अल मार्टिनो. साप्ताहिकाच्या त्या रुबाबदार ‘टॉप ट्वेल्व्ह’मागे एवढीच सामग्री होती: एक टेलिफोन, एक वही आणि वीस दुकानदारांचा शब्द.

यानंतर तीनच आठवड्यांत, ३ डिसेंबर १९५२ ला, रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आधी तिच्यात सात गाणी कुठल्याही क्रमाविना वाजत आणि त्यांचा क्रम लावून पाठवायची स्पर्धा श्रोत्यांसाठी असे. पत्रांचा पूर लोटला तेव्हा कार्यक्रमानेच क्रम लावायला घेतला आणि गाणी ‘पायदान’ म्हणजे पायऱ्या चढू लागली. दुकानांतला खप आणि श्रोता संघांची मतं, असा दुहेरी आधार या क्रमवारीला होता. आपल्याकडे नंबर लागला तो सिनेमाच्या सुट्या गाण्यांना, तर पाश्चात्त्य रसिकांचं भांडण पेटलं ते अख्ख्या अल्बमांवरून. त्याला कारण तबकडीचं तंत्र.

७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपे. मोठी रचना ऐकायची तर अनेक तबकड्या लागत. त्या कागदी खिशांच्या जाड पुस्तकात घालून विकल्या जात आणि फोटोंच्या अल्बमासारख्या दिसणाऱ्या त्या पुस्तकालाच अल्बम म्हणत. ‘बिलबोर्ड’ने २४ मार्च १९४५ रोजी अशा संचांची वेगळी क्रमवारी सुरू केली, तेव्हा पहिला मान नॅट किंग कोलच्या त्रयीला मिळाला. मग जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी बाजारात आणली. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावू लागली आणि पुस्तकाचं काम एका तबकडीवर भागलं. साठच्या दशकात संगीतकार या चाळीसेक मिनिटांचा एकसंध रचना म्हणून विचार करू लागले. १९६७ चा ‘सार्जंट पेपर्स’ तर गाण्यांचे शब्द पाठच्या कव्हरावर छापूनच आला. एखाद्या कादंबरीसारखी दाद द्यावी, अशी वस्तू तयार झाली होती.

दाद देणाऱ्यांचं घराणं दुकानदारांपेक्षा वेगळं. शिकागोच्या ‘डाउनबीट’ या जॅझ मासिकात १९३६ पासून वाचकांचा कौल आणि १९५३ पासून समीक्षकांचा कौल घेतला जाई. लंडनच्या ‘साइट अँड साउंड’ने १९५२ मध्ये समीक्षकांना विचारून सर्वोत्तम चित्रपटांची यादी केली होती. रॉकमध्ये ही पद्धत पक्की केली न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मधल्या रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी. त्यांनी १९७१ मध्ये समीक्षकांचा कौल घेतला आणि १९७४ पासून तो वार्षिक झाला. नाव थट्टेचं, ‘पॅझ अँड जॉप’. हिशेब मात्र काटेकोर. प्रत्येक समीक्षकाने वर्षातले दहा अल्बम निवडायचे आणि त्यांत शंभर गुण वाटायचे. एकाला तीसपेक्षा जास्त नाहीत, पाचपेक्षा कमी नाहीत. म्हणजे दहाही अल्बमांना दहा-दहा देता येत, किंवा दोन लाडक्यांना तीस-तीस देऊन उरलेल्या आठांची पाच-पाचावर बोळवण करता येई. आवड किती, याबरोबरच ती किती तीव्र, हेही मोजायची सोय त्यात होती.

इथे दोन घराण्यांची सोयरीक झाली. दुकानदाराकडून शिडी आली आणि समीक्षकाकडून रुची. खपाच्या यादीत पहिला नंबर म्हणजे सर्वांत जास्त नग, त्यात वाद कसला? समीक्षकांनी नग काढून टाकले आणि नंबर तेवढे ठेवले. मत होतं ते मोजमाप दिसू लागलं. ‘मला हा अल्बम फार आवडतो’ म्हणणाऱ्याशी कोणी हमरीतुमरीवर येत नाही, पण ‘हा सतरावा आहे’ म्हटलं की सोळावा कोण, हे विचारावंच लागतं. २००२ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने पन्नास सर्वांत ‘कूल’ रेकॉर्डांचीही यादी केली, म्हणजे ऐटसुद्धा मोजून झाली.

हे मोजमाप किती हलतं, ते ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’च्याच याद्यांत दिसतं. सर्वकालीन श्रेष्ठ म्हणून १९७४ साली तिथे ‘सार्जंट पेपर्स’ पहिला होता, १९८५ साली ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आणि १९९३ साली बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’. हे तिन्ही अल्बम १९६६ ते १९७१ या काळातले, म्हणजे १९७४ च्या मतदारांसमोरही होतेच. नंतर त्यांतला एक सूरही बदलला नाही. बदलले ते संपादकीय टेबलाभोवती बसणारे लोक.

‘रोलिंग स्टोन’चंही तेच झालं. २००३ च्या यादीला २७३ जणांनी मतं दिली आणि पहिल्या दहांत चार अल्बम बीटल्सचे, दोन बॉब डिलनचे आले. २०२० साली तीनशेहून अधिक कलावंत, समीक्षक आणि व्यावसायिकांकडून पन्नास-पन्नास नावं मागवली. त्यांत स्टीव्ही निक्स होती, तशीच बियॉन्से, टेलर स्विफ्ट आणि बिली आयलिशही. यादीत १५४ नवी नावं आली आणि एकूण ८६ अल्बम या शतकातले होते. गुणांची रीतही बघण्यासारखी आहे. पहिल्या पसंतीला ३००, दुसरीला २९०, असं उतरत पंचविसावीला ६०. म्हणजे पाच जणांनी पंचविसाव्या जागी टाकलेला अल्बम आणि एकाने जीव ओवाळून टाकलेला अल्बम यांची बेरीज सारखीच. या हिशेबात थोड्यांच्या वेडापेक्षा पुष्कळांची बरी आवड सहज वर जाते. गुणांची उतरंड बदला, पुष्कळ जागा बदलतील.

मतदार कोण, हा प्रश्न २०२३ मध्ये उघड्यावरच आला. ‘रोलिंग स्टोन’चे सहसंस्थापक यान वेनर यांनी रॉकच्या महारथींच्या मुलाखतींचं पुस्तक काढलं. त्यात सातही पुरुष आणि सातही गोरे. असं का, या प्रश्नावर त्यांनी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय संगीतकार तितक्या ताकदीने विचार मांडत नाहीत, अशा अर्थाचं उत्तर दिलं. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ उभारणाऱ्यांत ते स्वतः होते, तरी त्याच्या संचालक मंडळाने लगेच त्यांना काढलं. त्यांनी नंतर माफी मागितली. पण नव्या यादीवर चिडलेल्यांना जुनी यादी निर्मळ रुचीतून आली होती असं वाटत असेल, तर तेव्हा टेबलाच्या टोकाला कोण बसलेलं होतं, हेही ध्यानात घ्यायला हवं.

म्हणून यादी हातात आली की पहिल्या नंबराकडे धावण्याआधी मतं कोणाची घेतली आणि गुण कसे लावले, तेवढं पाहून घ्यावं. निम्मा वाद तिथेच मिटतो आणि उरलेला निम्मा मग खरोखर संगीताबद्दल होतो.