हात धुण्याची मोजदाद

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी मे 1847मध्ये क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले, तेव्हा मोजले गेले ते बाळंतिणींचे मृत्यू. डॉक्टर आणि विद्यार्थी काम करत त्या विभागात एप्रिलमध्ये शंभरांतल्या 18 जणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हा आकडा दोनवर आला. प्रत्यक्ष हात धुण्याचीच पद्धतशीर मोजणी मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली.

तिला खरे वजन आले जिनिव्हात. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयांत 1994 साली दिदिए पिते यांच्या पथकाने हात स्वच्छ करायला हवेत असे 2,834 प्रसंग टिपले. त्यांपैकी 48 टक्के वेळाच हात स्वच्छ झाले होते. परिचारिकांचे प्रमाण 52 टक्के, डॉक्टरांचे अवघे 30. अतिदक्षता विभागात, म्हणजे जिथे संसर्ग सर्वांत घातक तिथे, 36 टक्के. कामाचा रेटा वाढला की हात धुणे मागे पडते, हेही दिसले. एका खाटेवरून दुसरीकडे धावणाऱ्या परिचारिकेला दर वेळी बेसिन गाठणे जमणारच नव्हते, त्यामुळे तिला बेजबाबदार ठरवणे अन्यायाचे झाले असते. म्हणून अल्कोहोलयुक्त द्रावण खाटेपाशी आणि खिशात आले. 1997 अखेर हात स्वच्छतेच्या नियमाचे पालन 66 टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात जडणारे संसर्ग 1998पर्यंत 16.9वरून 9.9 टक्क्यांवर उतरले.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009मध्ये निरीक्षणाची एकसारखी पद्धत जगापुढे ठेवली. निरीक्षक साधारण वीस मिनिटे वॉर्डात थांबतो आणि रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, रक्त वा स्रावाशी संपर्क आल्यावर, अशा पाच निमित्तांपैकी कोणते आले आणि द्रावण चोळले, साबणाने धुतले की काहीच केले नाही, याच्या खुणा करतो. अडचण एवढीच, की कागद हातात घेतलेला माणूस दिसला की सगळेच हात धुतात.

न्यूयॉर्क राज्यातील नॉर्थ शोअर विद्यापीठ रुग्णालयाने 2008मध्ये अतिदक्षता विभागातील बेसिनांवर आणि द्रावणाच्या बाटल्यांवर कॅमेरे रोखले. पहिले सोळा आठवडे निष्कर्ष कर्मचाऱ्यांना कळवले नाहीत. पालन 10 टक्क्यांच्याही खाली राहिले. नुसत्या कॅमेऱ्याच्या नजरेने काही साधत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल. मग तेच आकडे विभागातल्या फलकावर तिथल्या तिथे झळकू लागले, आणि पुढच्या सोळा आठवड्यांत पालन 81.6 टक्क्यांवर पोहोचले.