छापील किमतीचा इतिहास

साबणाच्या वडीवर किंवा बिस्किटांच्या पुड्यावर ‘सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत’ अशी ओळ असते. ती आपण सवयीने वाचतो. तिचा मागोवा घेताना मला जाणवले, की किंमत छापून घेण्यापेक्षा त्या आकड्याचा अर्थ पक्का करायलाच अधिक काळ लागला.

पूर्वी वाण्याकडचा बराच माल सुटा असे. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली दुकानांत भावफलक लावण्याचे आदेश निघाले. पण फळ्यावरचा भाव पुसता येतो. बंद पाकिटांसाठी १९७६ चा वजन-मापांचा कायदा आणि त्याखालचे १९७७ चे नियम आले. उत्पादकाचे नाव, निव्वळ वजन आणि विक्रीची किंमत पाकिटावर छापणे बंधनकारक झाले.

तरी एक फट राहिलीच. ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापण्याची मुभा होती. कर किती, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसे. त्यामुळे दुकानदार सांगेल तो कर आणि मागेल ती रक्कम, असा व्यवहार चाले. १९९० च्या दुरुस्तीने सर्व करांसह किंमत छापणे सक्तीचे झाले, आणि त्या आकड्याला खरा अर्थ आला.

पुढे २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा झाला; तो १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. एकाच वस्तूवर मॉलमध्ये एक आणि किराणा दुकानात दुसरी किंमत छापण्यालाही १ जानेवारी २०१८ पासून बंदी आली. मात्र डिसेंबर २०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना बाटलीबंद पाण्यासाठी छापील किमतीपेक्षा जास्त आकारण्याची मोकळीक दिली. तिथे विक्रीसोबत सेवाही असते, हा त्यामागचा युक्तिवाद.

माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. किंमत कशी छापावी हे नियम सांगतात. किती छापावी हे बहुतेक वस्तूंच्या बाबतीत उत्पादकच ठरवतो. सरकार कमाल दर ठरवते अशी औषधे हा त्यातला ठळक अपवाद. त्यामुळे आकडा आधी फुगवून मग ‘पन्नास टक्के सूट’ची पाटी लावायला वाव राहतो. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने घाऊक खरेदी करून सभासदांच्या गटांना माल वाटण्याची पद्धत रुजवली. छापील किंमत आणि रास्त किंमत यांत किती अंतर असू शकते, हे त्या वाटपाने मध्यमवर्गीय घरांना हिशेबातून दाखवून दिले.

आता बऱ्याच पाकिटांवर ग्रॅममागचा किंवा मिलिलिटरमागचा दरही छापावा लागतो. वजन गुपचूप कमी करून किंमत तीच ठेवण्याची युक्ती त्यातून उघडी पडू शकते. ‘कमाल’ म्हणजे याहून जास्त नाही, एवढेच. तेवढेच द्यायला हवे, असे कायदा कुठेही म्हणत नाही. कायद्याने वरची मर्यादा आखून दिली आहे. तिच्याखाली घासाघीस करण्याचा गिऱ्हाइकाचा जुना हक्क अजून शाबूत आहे.