सिद्दी बायांची कवंदी

दख्खनच्या इतिहासात हबशी म्हटले की दोनच नावे पुढे येतात, एक मलिक अंबर आणि दुसरे जंजिऱ्याचे सिद्दी. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६२६ मध्ये वारला. जंजिरा संस्थान तर १९४८ पर्यंत टिकले. यांचा इतिहास लिहिता येतो, कारण यांच्यामागे किल्ले आहेत, कबरी आहेत, कागद आहेत. पण त्याच आफ्रिकेतून आणलेल्या ज्या माणसांना ना वजिरी मिळाली ना किल्ला, त्यांचा इतिहास कुठे शोधायचा?

पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून अनेक गुलाम गोव्यात आणले. त्यांतले काही पळाले आणि घाट चढून रानात शिरले. आज उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दींच्या वस्त्या आहेत. त्यांच्यात मुसलमान आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत. घरात ते कोकणी वळणाची बोली बोलतात आणि ती मराठी माणसाला बरीचशी कळते. त्यांच्या आज्या-पणज्यांनी दफ्तर ठेवले नाही. त्यांनी कवंदी शिवली.

कवंदी म्हणजे जुन्यापान्या कपड्यांची गोधडी. अंगावर विरलेले लुगडे, कोपरावर फाटलेला सदरा, पोराला आखूड झालेला झगा, यांतले काहीही टाकायचे नाही. विरलेला भाग कापून काढायचा, धड राहिलेला तुकडा ठेवायचा. खाली जुनी साडी अंथरायची आणि एका कोपऱ्यापासून ठिगळे लावत, धावदोरा घालत कडेकडेने फिरायचे. एक फेरा झाला की त्याच्या आत दुसरा. अशी शिवण मध्यापर्यंत येते. शेकडो टाक्यांनी वरचे ठिगळ आणि खालचे अस्तर एकजीव होते. पावसाळ्यात तीच अंथरूण होते, तीच पांघरूणही. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण बसवतात. त्यांना ‘फुला’, म्हणजे फुले, म्हणतात. उबेसाठी त्यांचा काहीच उपयोग नाही, पण त्यांच्यावाचून कवंदी उघडी समजली जाते.

गरज भागली तरी या बाया थांबल्या नाहीत, हे त्या चार फुलांवरून कळते. मुसलमान बाईच्या कवंदीत कधी चाँद उमटतो, ख्रिस्ती बाईच्या कवंदीत क्रूस. टाका मात्र दोघींचा एकच.

ही कला आफ्रिकेतून आली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ठिगळे आणि धावदोरा ही तर साऱ्या दख्खनची रीत आहे. आपली वाकळ आणि कर्नाटकातली कौदी या कवंदीच्या सख्ख्या बहिणी शोभतील. मायदेश तुटलेल्या माणसांनी इथल्या चिंध्या आणि इथलाच टाका घेतला आणि त्यातून स्वतःची ओळख शिवली. रंगांच्या मांडणीत आफ्रिका दिसते की नाही, यावर अभ्यासकांनी जरूर वाद घालावा. ‘आम्ही इथे होतो’ ही साक्ष मात्र कवंदी निःसंशय देते.

२००३ मध्ये उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास हेन्री ड्रेवाल या अमेरिकन कला-इतिहासकाराने कवंदीचा अभ्यास सुरू केला आणि पुढे ती परदेशातल्या प्रदर्शनांत भिंतीवर टांगली गेली. याचा आनंदच आहे.

पण प्रश्न आपल्यालाही आहे. हज़रत उमर मदीनेचे अमीर असताना त्यांच्या खांद्यांमध्ये एकावर एक तीन ठिगळे होती, असे इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त नोंदले आहे. ही रिवायत आपण वाज़मध्ये अभिमानाने ऐकतो आणि घरातल्या दादी-नानीची वाकळ पाहुणे आले की पेटीमागे सारतो. हिमरू आणि पैठणीचा इतिहास लिहून झाला. आता त्या पेटीमागचे कापड उलगडायला हवे. कोणते ठिगळ कोणाच्या सदऱ्याचे, हे सांगणाऱ्या बाया अजून काही घरांत आहेत. त्यांना आजच विचारले पाहिजे.