न खेळलेल्या मोटारींचा बाजार

बँकेचं कार्ड आणि मोबाइल घरीच ठेवा. तुम्ही निघालाय तिथे बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होतो. 1971 च्या फेब्रुवारीपर्यंत हाच हिशेब चालणार आहे. सोबत भिंग मात्र हवं. शेवटचा मुक्काम इंग्लंडमधल्या सरे परगण्यातला, जुन्या खेळण्यांचा मेळा. थेट तिथेच उतरलात तर नुसत्या किमती दिसतील. त्या कुठून आल्या हे कळायचं तर आधी मागे जायला हवं.

लिव्हरपूल, 1934

एप्रिल महिना. बिन्स रोडवरच्या मेकॅनो कारखान्यात तापल्या धातूचा वास भरलाय. भोकांच्या पट्ट्या आणि नटबोल्ट देऊन पोरांना पूल आणि क्रेन बांधायला लावणाऱ्या फ्रँक हॉर्नबींचा हा कारखाना. खेळातल्या आगगाडीच्या आसपास शोभेला उभी करायची म्हणून गेल्या वर्षी इथे सहा चिमुकली वाहनं निघाली. आता या मालाला स्वतःचं नाव मिळालंय, डिंकी टॉइज.

ओतकामाच्या यंत्रापाशी थांबा. जस्त, त्यात थोडं ॲल्युमिनियम, तांबं आणि किंचित मॅग्नेशियम. हा वितळलेला रस दाबाने पोलादी साच्यात शिरतो, क्षणात थिजतो, साचा उघडतो आणि मोटार बाहेर पडते. पण याच कारखान्यात शिशाचंही ओतकाम झालंय. शिशाचा अंश जस्तात मिसळला की धातूला आतून कीड लागते. आज काही दिसत नाही. पुढे कधीतरी मोटार फुगते, भेगाळते आणि उचलायला जावं तर हातात भुगा येतो. हे तुम्हाला ठाऊक आहे, त्या कामगाराला नाही. सांगायला जाऊ नका. त्याच्या लेखी खेळणं पोराच्या हातात दोन वर्षं टिकलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं.

बाहेरच्या दुकानात गल्ल्यावर सहा-सहा मोटारींची खोकी उघडून ठेवलीत. एक मोटार निवडा आणि सवयीने विचारा, “हिचं खोकं?” दुकानदार तुमच्याकडे बघतच राहील. मोटार सुटीच मिळते, पोराच्या खिशात जाते. एकेका डिंकीला स्वतंत्र खोकं मिळायला अजून दीड-दोन दशकं आहेत. याच दशकात डिंकीच्या काही व्हॅन दुकानांच्या जाहिराती अंगावर मिरवत निघतील. त्यातली बॉइस नावाच्या लंडनमधल्या सायकल दुकानाची जाहिरात असलेली व्हॅन 2008 साली लिलावात 19,975 पौंडांना जाईल. तेवढ्यात त्या दुकानातल्या किती सायकली आल्या असत्या, याचा हिशेब वाटेत करा.

लंडन, 1953

राणीच्या राज्याभिषेकाचं वर्ष आहे. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ हे आडनावबंधू. नातं काही नाही. दोघांनी 1947 साली एका पडक्या पबमध्ये ओतकाम सुरू केलं आणि आपल्या नावांचे तुकडे जोडून कंपनीचं नाव ठेवलं लेस्नी. रॉडनी आता भागीदारीतून बाहेर पडलाय. साच्यांची कला आहे ती जॅक ओडेल यांच्या हातात.

टेबलावरची शाही बग्गी उचलून बघा. मोठ्या आकाराच्या बग्गीचा साचा आधीच तयार होता, राजा आणि राणी दोघांना बसवून. मग कोरियाच्या युद्धामुळे खेळण्यांसाठी जस्त मिळेना, काम रखडलं. 1952 च्या फेब्रुवारीत राजा सहावा जॉर्ज वारला. साच्यातून राजा कापून काढला, पाय तेवढे राहून गेले. भिंग लावा, राणीशेजारी ते दिसतील. यंदा त्याच बग्गीची छोटी आवृत्ती दहा लाखांहून जास्त खपते आणि कंपनीच्या हातात पैसा खुळखुळू लागतो.

पण तुम्ही आलाय ते एका रोडरोलरसाठी. ओडेल यांच्या लेकीच्या शाळेत नियम होता, काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. बापाने पितळेचा इवलासा रोडरोलर घडवून दिला आणि वर्गातल्या सगळ्यांना तसाच हवा झाला. त्यातून यंदा ‘मॅचबॉक्स’ मालिका सुरू झालीय आणि पहिला क्रमांक रोडरोलरचाच आहे. इथे खोकं खेळण्याचाच भाग आहे, काडेपेटीसारखं, चित्र छापलेलं. तरीही दुकानाबाहेर पाच मिनिटं उभे राहा. पोरगं बाहेर येतं, खोकं फाडतं, रोलर मुठीत घेतं आणि खोकं फुटपाथवर टाकतं. वाकू नका. उचललंत तर पुढचा सगळा बाजार बिघडेल.

लंडन, 1965

डिसेंबर, नाताळ तोंडावर आलाय. खेळण्यांच्या दुकानात खांद्याला खांदा लागतोय. सगळ्यांना एकच वस्तू हवी आहे, कॉर्गी या ब्रँडची 261 क्रमांकाची जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन. किंमत नऊ शिलिंग अकरा पेनी. पडद्यावरची मोटार चंदेरी आहे, ही सोनेरी. कारण चंदेरी केली तर रंगच न दिलेल्या ओतीव तुकड्यासारखी दिसते. एक कळ दाबली की पुढून मशीनगन बाहेर येतात. दुसरी दाबली की मागची गोळीरोधक ढाल उभी राहते. तिसरी दाबली की छप्पर उघडतं आणि शेजारी बसलेला खलनायक उडून जातो. तो हरवणार हे कंपनीलाही ठाऊक आहे, म्हणून खोक्यात एक जादा खलनायक दिलाय. सोबत ‘गुप्त सूचनां’चं पाकीट.

तुमच्यासमोर दोन खोकी उरलीत. मागे एक आई उभी आहे, तिच्या हातात पर्स उघडी. दोन्ही घेऊन साठ वर्षं माळ्यावर ठेवली तर? हा मोह संग्राहकाला होणारच. एक घ्या, एक सोडा. सोडलेल्या मोटारीचं काय होईल ते ठरलेलं आहे. नाताळच्या दुपारपर्यंत पाकीट फाटेल, संध्याकाळपर्यंत पहिला खलनायक गालिच्यात गडप होईल, नववर्षापर्यंत दुसरा.

कलकत्ता, 1970 च्या आसपास

इथे परदेशी खेळणं म्हणजे परदेशातून येणाऱ्या एखाद्या मामाच्या बॅगेतला ऐवज, कारण आयातीवर कडक निर्बंध आहेत. पण बिन्स रोडवरचे काही जुने साचे समुद्र ओलांडून या शहरात आलेत. ज्या साच्यांतून डिंकी निघत, त्यांतूनच आता ‘निकी टॉइज’ निघतात. जग्वार आहे, आपल्या रस्त्यांवर धावणारी स्टँडर्ड मिनीबसही आहे. रंग जाडसर बसलाय, कडा तितक्या रेखीव नाहीत. लिव्हरपूलच्या तपासनिसाने कदाचित नाक मुरडलं असतं. इथल्या पोराला त्याचं काय? त्याच्या हाती पहिल्यांदाच खरीखुरी धातूची मोटार आलीय आणि ती जिन्यावरून सोडून बघायची आहे.

सँडाउन पार्क, आज

एशर गावच्या रेसकोर्सवर आज घोडे नाहीत. आत टेबलांच्या रांगा आणि त्यांवर वाकलेली माणसं. तुम्ही पाहिलेलं सगळं इथे म्हातारं होऊन मांडलंय.

युद्धापूर्वीची डिंकी दिसली की आधी बूड आणि चाकं बघा. केसाएवढी भेग असेल तर मागे व्हा, कीड आत काम करतेय. एखाद्या खोक्याचा रंग फारच ताजा वाटला तर खिशातली अल्ट्राव्हायोलेट बॅटरी काढा. नव्याने छापलेलं खोकं त्या उजेडात अनेकदा पांढरंफटक चमकतं, जुना पुठ्ठा मंद राहतो. एका टेबलावर नुसते सुटे भाग आहेत: टायर, काचा, नव्याने बनवलेले खलनायक, नव्याने छापलेली गुप्त सूचनांची पाकिटं. गालिच्यांनी गिळलेल्या वस्तूंवर इथे एकेकाचं दुकान चालतं.

निकीची मिनीबसही भेटते. तपासनिसाने जिला नाक मुरडलं असतं, तिच्यापाशी इथले संग्राहक थबकतात. कलकत्त्याच्या पोरांनी तिला जिन्यावरून इतक्या मनापासून सोडलं की धड राहिलेली सापडणं कठीण झालंय.

मग तीच सोनेरी ॲस्टन मार्टिन दोनदा दिसते. एक रंग उडालेली, छप्पर ढिलं, शेजारची जागा रिकामी. दुसरी खोक्यासकट, पाकीट न फोडलेलं, काही शे पौंडांची. मोटार एकच, साचाही एकच. मधला फरक म्हणजे न झालेला खेळ, आणि विक्रेता किंमत लावतो ती त्याची.

अजून शंका असेल तर टेबलाखालच्या ट्रेकडे बघा. लेस्नी 1982 साली बुडाली. त्याच वर्षी जॅक ओडेल यांनी आपलं आडनाव उलटं लिहून ‘लेडो’ ही नवी कंपनी काढली. तिच्या ‘डेज गॉन’ मालिकेतल्या जुन्या ढंगाच्या व्हॅन मोठ्यांनी कपाटात ठेवायला म्हणून घेतल्या. कोणी खोकं फाडलं नाही, कोणी जिन्यावरून सोडल्या नाहीत. म्हणून त्या आज जशाच्या तशा, खोक्यासकट, ट्रेमध्ये ढिगाने पडल्यात, चिल्लर मोजून घ्याव्यात अशा भावाने. ओतकाम तेच, ओडेलही तेच. नासधूस करणारी पोरं तेवढी मधून गेली, आणि बाजारही गेला.

1965 मध्ये सगळ्याच संग्राहकांनी दोन-दोन खोकी उचलली असती, तर ॲस्टन मार्टिनही याच ट्रेमध्ये असती. तुमच्या छंदाची निम्मी किंमत त्या दांडगट पोरांनी आधीच चुकती केलीय. तेव्हा ट्रेमधली एक व्हॅन घ्या, घरच्या भाच्याला द्या आणि खोकं त्याच्यासमोर तुम्हीच फाडा. उरलेल्यांचा भाव तेवढाच वधारेल.