सकाळची फाईल

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसाठी गुप्तचर खात्यं रोज जगभरच्या घडामोडींचा एक अहवाल तयार करतात. त्याची सुरुवात एका फजितीतून झाली. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबात 'बे ऑफ पिग्ज'चा बोऱ्या वाजला. केनेडींकडे कागद पुष्कळ यायचे, पण विखुरलेले. मग त्यांच्या लष्करी सहायकाने सीआयएला सांगितलं, खिशात मावेल असं काहीतरी द्या. १७ जून १९६१ ला पहिली 'चेकलिस्ट' आली, अवघी ७ पानी. उपाध्यक्ष जॉन्सनना मात्र ती मिळत नसे! ते स्वतः अध्यक्ष झाल्यावर, डिसेंबर १९६४ पासून, तिच्या जागी 'प्रेसिडेंट्स डेली ब्रीफ' आलं.

आता ६ ऑगस्ट २००१. शीर्षक: बिन लादेनचा अमेरिकेत हल्ला करण्याचा निर्धार. बुश टेक्सासला सुट्टीवर. ३६ दिवसांनी जुळे मनोरे कोसळले.

"सगळं लिहिलेलं होतं की!" असं आपण पटकन म्हणतो. पण २००४ मध्ये खुला झालेला तो मजकूर मी वाचला. विमान अपहरण आहे, न्यूयॉर्कही आहे. तारीख नाही, नेमकं लक्ष्य नाही, आणि बराचसा भाग जुना इतिहास. चौकशी आयोगाच्या मते बिन लादेन किंवा अल-कायदावरची ती त्या वर्षातली ३६वी नोंद होती.

रात्री-अपरात्री सर्व्हरचे अलर्ट सांभाळणाऱ्यांना हे चांगलं कळेल. काय करायचं ते न सांगणारा इशारा फाईलमध्येच राहतो. पण जवळपास ३००० माणसं गेली. म्हणून "सांगितलं होतं" म्हणून लिहिणारा सुटत नाही, आणि "नेमकं नव्हतं" म्हणून वाचणाराही नाही.