सँडर्स, बॅरी

सँडर्स, बॅरी : (१६ जुलै १९६८– ). अमेरिकन फुटबॉलमधील ख्यातनाम रनिंग बॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन बचावफळी भेदत धावणारा खेळाडू. जन्म कॅन्सस राज्यातील विचिटा येथे. उंची अवघी ५ फूट ८ इंच. त्यामुळे मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात १९८६ व १९८७ मध्ये तो थर्मन टॉमस या नामवंत रनिंग बॅकच्या पाठीमागे राखीव होता.

टॉमस विद्यापीठातून बाहेर पडल्यावर १९८८ मध्ये त्याला पूर्ण संधी मिळाली. ११ सामन्यांत त्याने ३४४ वेळा चेंडू घेऊन २,६२८ यार्ड धाव घेतली आणि धावून ३७ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम क्षेत्रात नेण्याची कामगिरी) केले. महाविद्यालयीन फुटबॉलमधील एका हंगामाचा हा सर्वोत्कृष्ट विक्रम मानला जातो, आणि ते रास्तच आहे. वायोमिंगविरुद्धच्या हॉलिडे बोल या हंगामोत्तर सामन्यातील त्याचे २२२ यार्ड व ५ टचडाउन तेव्हाच्या नियमानुसार या आकड्यांत धरलेलेच नाहीत. २०२४ मध्ये बॉइझी स्टेटचा ॲश्टन जेंटी २,६०१ यार्डांपर्यंत पोहोचला, तोही १४ सामने खेळून.

महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा हाइसमन करंडक १९८८ मध्ये सँडर्सला मिळाला. घोषणा झाली तेव्हा तो सामन्यासाठी टोकियोत होता. १९८९ मध्ये डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडले; तेथे १० हंगामांत त्याने १५,२६९ यार्ड केले. १९९९ मध्ये, धावेच्या यार्डांचा सर्वकालीन विक्रम आवाक्यात असताना, तो अनपेक्षितपणे निवृत्त झाला.