शब्दवेध : गोगलगायीचा जांभळा

कुठे मार लागलेला नसताना पायावर जांभळे ठिपके उठले, की सांगलीकडे ‘रक्त साकळलंय’ म्हणून मोकळे होतात. डॉक्टर लिहितात ‘पर्प्युरा’. मूळ लॅटिन ‘पुर्पुरा’, त्याआधी ग्रीक ‘पोर्फिरा’. अर्थ, समुद्री गोगलगाय! लेबनॉनच्या टायर बंदरात तिच्या स्रावापासून रंग काढत आणि रोमन सम्राटांची वस्त्रं त्यात रंगत. इंग्रजी ‘पर्पल’ तिथलाच. आपला जांभळा मात्र जांभळाचा. मला तोच रसाळ वाटतो.

ठिपक्यावर काचेचा पेला दाबून पाहा. साध्या पुरळाची लाली फिकी पडते. त्वचेत झिरपलेलं रक्त हटत नाही. प्लेटलेट घटल्या, रक्तवाहिन्या सुजल्या, तरी असं होतं. आणि आपल्या उसाच्या फडात घोणस आहेच. नाव शिराळ्याच्या नागाचं, पण त्याचं विष मुख्यतः मज्जासंस्थेवर जातं. घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची शक्तीच संपवतं. म्हणून दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी तिरकी करतात. रक्त पातळच वाहिलं, तर प्रतिविष द्यावं लागतं. तेव्हा साप चावल्यावर मांत्रिकाच्या दारी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.